शिरसाच्या ढोलीतले पोपट

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सगळी जमीन एका इनामदाराची होती. तो जमीन कधी विकत नसे. घर बांधणाऱ्याने अंगणात एक झाड लावायचे. झाड उभे असेतो, भुईभाडे भरून, जमीन घरवाल्याकडे. झाड पडले की जमीन इनामदाराची, आणि तिच्यावरचे घरही त्याचेच. अशा झाडाला साक्षीचे झाड म्हणत. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

तिथे परमुलखातून एक म्हातारे शास्त्रीबुवा घर घ्यायला आले. सारा जन्म राजाच्या पाठशाळेत गेला, राहिले कायम दुसऱ्याच्या छपराखाली. बायकोला त्यांनी शब्द दिला होता, "शेवट आपल्या स्वतःच्या घरात होईल."

एक घर मनात भरले. बुवांनी तुळया ठोकून पाहिल्या, आडाचे पाणी चाखले. अंगणात जुना शिरस होता. त्याच्या ढोलीत पोपट नांदत होते. सोबत आलेल्या त्यांच्या बाई हरखल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, इतकं चांगलं घर इतक्या स्वस्तात का हो देतायत?"

बुवांनाही तेच खुपत होते. तेवढ्यात घरमालक सुपारी कातरत म्हणाला, "झाडाची साक्ष तर तुम्ही पाहिलीच असेल, बुवा."

कसली साक्ष? विचारावे का? पण ओट्यावर चार माणसे बसली होती. एवढे पंडित, आणि एवढेही ठाऊक नाही?

"पाहिली की," बुवा म्हणाले, आणि गाठीला होते नव्हते ते देऊन मोकळे झाले.

दसऱ्याला इनामदाराचा कारभारी भुईभाडे न्यायला आला. पावसाळ्याआधी त्याचीच माणसे कौले चाळून गेली, मजुरी मात्र बुवांनी भरली. भिंतीत नवी खिडकी पाडायची तर इनामदाराचा होकार हवा, आणि होकारालाही नजराणा.

"अहो, घर आपलंच ना?" बाईंनी विचारले.

"आपलंच."

शेवटी बुवांनी कारभाऱ्याला गाठून विचारले, "झाडाची साक्ष म्हणजे काय हो?"

कारभारी पोट धरधरून हसला. "आता विचारता होय? घर घेतलंत की पोपट?" मग त्याने सगळे सांगितले.

बुवांनी शिरसाच्या खोडावर थाप मारली. ते ढोलासारखे वाजले.

ते धावत इनामदाराकडे गेले. "नवं झाड लावू द्या, महाराज."

"लावा की. घराचं मोल पुन्हा एकदा मोजा, आणि खुशाल लावा."

मोजायला काही उरलेच नव्हते. बुवांनी झाडाला बांबूंचे टेकू दिले. पोपटांना खडे मारून हुसकावले. बाई हळहळल्या, "त्या मुक्या जिवांनी तुमचं काय घोडं मारलंय?" बुवांनी पुढचा खडा उचलला.

एका दुपारी, वारा नसताना, शिरस मोडून पडला.

कारभारी कुंपणाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "राहा की बुवा. कुठं जाल या वयात? आता भाड्यानं राहा."

त्याच थंडीत बाई अंथरुणाला खिळल्या. अखेरच्या घटकेला त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "शब्द पाळलात हो. आपलंच ना हे घर?"

बुवांनी मान डोलावली. "आपलंच."

तात्पर्य: घर घेताना भिंतींआधी विचारावे, की पायाखालची जमीन कोणाची आणि कुठवर आपली. विचारण्याची लाज घटकाभराची, न विचारल्याची जन्माची.