घोंगडीआडचा तारा

“अजून किती प्रकाश आणू, गुरुजी?”

शेळके गुरुजींनी खांद्यावरची घोंगडी सावरली.

शर्वाणीला वाटलं होतं, परदेशात शिकून, स्वतः घडवून आणलेली नखाएवढी काचेची चिप माळावर लावली की पहिल्याच संध्याकाळी आकाश उलगडेल. प्रत्यक्षात हिवाळा सरत आला, तरी पडद्यावर मळकट उजेडच.

दोन दुर्बिणींनी टिपलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश चिपमधल्या केसाहून बारीक वाटांनी एकत्र यायचा. प्रकाशाच्या लाटेवर उलटी लाट पडून दोघींनी एकमेकींना पुसायचं होतं. त्यात पडद्यावरचा तारा विझला, तरच त्याला बिलगलेला ग्रह दिसणार होता.

तारा विझत नव्हता.

दोष तिने गुरुजींच्या दुर्बिणीला दिला. तिची नवी, तेजस्वी. त्यांची जुनी, हाताने घासलेल्या आरशाची, मंद. आरसा बदला, असं तिने सुनावलंही होतं. “तो माझ्याच वयाचा आहे,” गुरुजी हसले होते. “दोघांना एकदमच मोडीत काढ.”

आज ती हसण्याच्या पलीकडे गेली होती.

“संपलं सगळं. उद्या परत जाते मी.”

“जा.”

“थांब म्हणणार नाही?”

गुरुजी उठले. खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी शर्वाणीच्या नव्या दुर्बिणीच्या तोंडावर अर्धी ओढली.

“अहो गुरुजी, माझा प्रकाश...”

पडद्यावरचा उजेड उतरला. घोंगडी आणखी बोटभर सरकली. तारा विझला.

एकमेकींना पुसायला दोन्ही लाटा तोलामोलाच्या लागतात, हे तिला पाठ होतं. पण तोल साधायला आपलंच तेज कमी करावं, हे कधी मनाला शिवलं नव्हतं.

तिने त्या काळोखात पाहिलं. पाहत राहिली. तारा मावळेपर्यंत.

“गुरुजी... इथे ग्रह नाही. काहीच नाही.”

“हं.”

“एवढ्यासाठी विझवला?”

गुरुजी घोंगडी पांघरून निजायला गेले.

सकाळी ते चहा घेऊन आले, तेव्हा तिची बांधलेली बॅग दाराशीच होती. ती मात्र अंगणात बसून जाड पुठ्ठ्याचं, मधे भोक असलेलं गोल झाकण कापत होती. आपल्या दुर्बिणीसाठी. डोळे सुजलेले होते.

“आज दुसरा तारा लावते,” ती म्हणाली. “तिथेही काही नसलं तर?”

गुरुजींनी कप तिच्याजवळ ठेवला.

“भोक बेतानंच काप. अजून पुष्कळ ‘काही नाही’ बघायचं बाकी आहे.”