निंबखोरीचा शेवट्या

पाव्हणं, हे समोर दिसतंय ते निंबखोरीचं तळं. सरपंच असो की सदस्य, आम्ही ज्याला निवडून देतो त्याला इथं शेवट्या म्हणतात. तुमच्याकडं निवडून आलेला पुढं बसतो, आमच्याकडं तो मागं उभा राहतो. या नावामागं एका माणसाचा जळफळाट आहे, असं सांगतात.

फार पूर्वी अक्षय्यतृतीयेला तळ्याची पहिली ओंजळ गावाच्या म्होरक्याला मिळायची. तो मान सटवाजीला हवा होता. गावानं कौल दिला त्याच्या चुलतभावाला, रायाजीला. तेव्हापासून रायाजीचं पागोटं नुसतं दिसलं तरी सटवाजीला घास गिळवेना, म्हणे.

त्याच साली तळं आटलं. तळाशी एक झिरा उरला, एका वेळी करवंटीभर पाणी देणारा. गाव रांगेत बसलं. पहिली करवंटी रायाजीपुढं आली, तर तो म्हणाला, "आधी लेकरंबाळं, मग बाकीचे. मी शेवटी." बायकांनी डोळे पुसले. सटवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला मान गेलाच होता, आता शेवटचाही हाच खाणार. तो उठला आणि रायाजीच्या मागं जाऊन बसला.

"मी तुझ्याही मागं."

बायकोनं पाय धरले, रायाजीनं हात जोडले, पण गडी हलला नाही. तीन दिवस रांग सरकत राहिली. चौथ्या दिवशी रायाजीची पाळी आली, झिऱ्यानं अर्धी करवंटी दिली आणि तो आटला. रायाजीनं ती भावाच्या ओठांना लावली. त्यानं तोंड फिरवलं.

"तू पी. तू प्यालास की शेवटचा मीच."

रायाजी प्याला. सटवाजी दिवेलागणीआधी गेला. पुढं आठवड्यात वळवानं तळं भरलं.

कुणी म्हणतात, तो गावासाठी मेला. कसलं काय, भावावर जळून मेला. पण त्याच्या वाट्याचं पाणी गाव प्यालं, हे खरं. रायाजीनं पागोटं काठावर उतरवून ठेवलं. "मेला तरी मान यानंच नेला," तो म्हणाला, आणि तेही जळूनच म्हणाला.

आजही निवडणूक झाली की आधी सारं गाव इथलं पाणी पितं, मग शेवट्या. त्याच्याही मागं उभा राहतो तो निवडणुकीत पडलेला उमेदवार. त्याला त्या दिवशी इथलं पाणी नाही. निवडून आलेला खरंच शेवटी पितो का, हे त्याच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण बघणार?