राखमाळावरचा भोपळा

तुम्ही आत्ता चढून आलात ती वाट एवढी उभी आहे, की वरून सोडलेला भोपळा आपोआप गावात पोचावा. तरी राखमाळावरून भोपळा कुणी गडगडवत नाही. दोघंजण घोंगडीची झोळी करतात, भोपळा तीत निजवतात आणि एक पुढं, एक मागं, पाय जपत उतरतात. फळ राखेच्या रंगाचं, मणाच्या आसपास भरणारं, आषाढापर्यंत घराच्या माळ्यावर टिकणारं. एका भोपळ्याचा एवढा थाट पाहून पाहुणे हसतात. मग गावातलं एखादं जाणतं माणूस त्यांना बसवून घेतं आणि हैबती-चिंधूची हकिगत सांगतं.

फार मागं, म्हणे, इथं दोन तऱ्हेचे भोपळे होत. एक केशरी, कवेत न मावणारा, पण पौषातच सडायचा. दुसरा राखी, नारळाएवढा, पण आषाढात कापला तरी आतून ताजा. आणि माणसं मरायची ती जेठ-आषाढातच. कणग्या रिकाम्या, रानात अजून काही उगवलेलं नाही. अशाच एका आषाढात हैबतीचे आईबाप आठवड्याच्या अंतरानं गेले. हैबती तेव्हा सोळाचा, धाकटा भाऊ चिंधू चारचा. चिंधूला पाठीशी बांधून हैबती नांगर धरायचा, असं सांगतात.

त्यानं डोंगरदेवीला शब्द दिला, की केशरीएवढा मोठा राखी भोपळा या मातीत येत नाही, तोवर भोपळ्याची फोड तोंडात घालणार नाही. ज्या गावात अर्धं वर्ष भोपळ्यावर निघायचं, तिथं हा शब्द म्हणजे अर्धपोटी राहणंच होतं.

उद्या उमलणाऱ्या कळ्या तो संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायचा, म्हणजे माशी आधी शिरू नये. पहाटे केशरी वेलाच्या मादीफुलाला राखी वेलाचं नरफूल लावायचा आणि ते फूल पुन्हा बांधायचा. बरीच वर्षं फळ धरायचंच नाही, गळून जायचं.

शेजारचा कोंडाजी बांधावरून ओरडायचा, "हैबती, फुलांची लग्नं लावतोस, धाकट्याचं कधी लावणार?"

"त्याला बी दोऱ्यानं बांधून ठिवलाय. पळंल म्हणून," हैबती म्हणायचा.

चिंधूला ते हसू येत नसे. विशीतला झाला होता, रागीट होता, आणि दादाला कुणी हसलं की त्याच्या अंगाची लाही व्हायची. एका वर्षी बांधलेल्या फुलाचं फळ धरलं, वाढलं, दोन माणसांना उचलेना एवढं झालं. चिंधूनं गावभर सांगून ठेवलं, "यंदा बघायला या दादाचा भोपळा."

आश्विनात सारे वर आले. फळ पिकलं होतं. रंग केशरी होता, आईचाच.

"वऱ्हाड आलं, पण नवरदेव कुठाय?" कोंडाजी म्हणाला, आणि माळ हसला.

हैबती मात्र शांत होता. "आरं, फळ आईचं असतंय. बापाचा रंग बियांत. शेळ्यांत बघितलं न्हाईस का? काळ्या बोकडाची पांढरी पाट, आन् तिच्या पोटी पुन्हा काळं करडू. एखादी पिढी रंग दडून बसतो. थांब जरा."

थांबणं चिंधूला कधी जमलं नव्हतं. त्यानं देठ तोडला आणि खांदा लावून फळ उतारावर लोटून दिलं. ते गडगडत गेलं आणि दरीच्या तोंडाशी कातळावर फुटलं. एवढ्यानंही त्याचा राग निवला नाही.

"तुझ्या हातानं काय जगत न्हाई," तो म्हणाला. "आईबाप न्हाई जगलं, ह्ये बी न्हाई."

"तू जगलास की," हैबती एवढंच म्हणाला आणि बिया वेचायला खाली उतरला.

हस्ताचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. कातळावर शेवाळ होतं. चिंधू तिकडं पाठ करून बसला होता, म्हणून त्यानं काही पाहिलं नाही. त्याला ऐकू आला तो कोंडाजीचा ओरडा.

हैबती दरीतल्या पहिल्या टप्प्यावर सापडला. एक मूठ मिटलेली, तीत बिया. वाट अरुंद, चार खांद्यांना जागा नाही. घोंगडीची झोळी केली. पुढं चिंधू, मागं कोंडाजी. गाव येईपर्यंत चिंधू एकच म्हणत होता, "हळू, कोंडबा, हळू. त्याला लागंल."

पुढच्या पावसात चिंधूनं त्या बिया लावल्या. सगळ्या वेलांना केशरीच फळं आली. या खेपेला कुणी हसलं नाही. चिंधूनंही फळ फोडलं नाही. त्यानं दादासारख्या कळ्या बांधल्या होत्या, त्याच वेलाचं नरफूल त्याच वेलाच्या मादीला लावलं होतं. ती फळं त्यानं कोंडाजीबरोबर झोळीतून उतरवली, आणि बी राखून ठेवलं. तेवढं वर्ष तो थांबला.

तिसऱ्या वर्षी चार वेलांत एक राखी निघाला. थोरल्या केशरीएवढा मोठा. चिंधू त्या फळाला हात न लावता दिवसभर शेजारी बसून होता. "एवढंच थांबायचं व्हतं?" असं तो कुणाला तरी विचारत होता, म्हणे.

त्याचं बी पुढच्या पावसात गावभर लावलं, आणि त्यानंतरच्या जेठात माळ्यावरचे राखी भोपळे कापले. त्या आषाढात गावात भुकेनं कुणी गेलं नाही. देवीला दिलेला शब्द पुरा झाला, म्हणून बायकांनी पहिली फोड चिंधूपुढं ठेवली. त्यानं ती उचलली, तोंडाजवळ नेली आणि खाली ठेवली. "दादानं कुठं खाल्लीय?" तो म्हणाला. मग म्हातारा होऊन मरेपर्यंत त्यानं भोपळा खाल्ला नाही.

तुम्ही आता खाली जेवायला याल. पानात भाजी भरपूर पडेल, मागाल तेवढी मिळेल. पण आजही ज्यानं झोळीचं पुढचं टोक धरलं असेल, तो त्या दिवशी नुसती भाकरी खाऊन उठतो. त्याला आग्रह करू नका.