घुलीचं पीक

फार मागे, माळाच्या उतारावर घुली नावाची उंदरीण राहत होती. तिचं वावर टीचभर. एका वर्षी तिचं बियाणं ओलीनं कुजलं, म्हणून ती मुंग्यांच्या कोठारावर गेली.

"पीक आलं की सव्वापट परत करीन," ती म्हणाली.

"आम्ही मोठ्या वावरवाल्यांनाच उसनं देतो," मुकादम मुंगी म्हणाली. "तुझं बुडालं तर आम्ही काय धरायचं?"

परतताना नागोबा भेटला. "बियाणं मी देतो. बदल्यात दाणासुद्धा नको. पीक येईपर्यंत तुझ्या बिळाच्या तोंडाशी निजू दे, म्हणजे झालं."

घुली दोन पावलं मागे सरली. पण घरात पिल्लं उपाशी होती. ती हो म्हणाली.

घुली शेतावर निघाली की नाग जरासा सरकायचा. पिल्लांना मात्र बाहेर पडू देत नसे. कामात तिचं लक्ष लागेना. सारखी मागे वळून बघायची.

कणसं भरली तशी ती धीर करून म्हणाली, "नागोबा, पीक आलं. आता निघावं आपण."

"घाई कसली?" नागानं जीभ लवलवली. "पिल्लं अजून भरायची आहेत."

घुली आत गेली आणि बिळाची मागची भिंत उकरू लागली. नखं तुटली तरी थांबली नाही. पिल्लांना घेऊन ती निघाली ती थेट शेजारणीच्या, चिमीच्या बिळात.

"अगं, उभं पीक टाकून आलीस?" चिमीनं विचारलं.

"पीक माझं होतं गं. दार त्याचं होतं."

चिमीनं झटकन आपल्या दाराकडे पाहिलं. "बाई गं," ती पुटपुटली, "उद्या मीही त्याला हो म्हणणार होते."