एकतिसावी खेळी

“...म्हणजे न हरता पहिलं यायचं कसं, एवढंच विचारायला आलोय, मास्तर.”

मास्तर शेंगा फोडत होते. टरफलं सुपात पडत होती, दाणे मांडीवरच्या टॉवेलात.

“आधी बस तरी,” ते म्हणाले. “उभ्यानं विचारण्यासारखं नाही ते.”

श्रेणिक मगदूम सतरंजीवर बसला. तो आत्ताच बंगळूरच्या गाडीनं मिरजेला उतरला होता आणि घरी न जाता सरळ इकडं आला होता. बॅग दारातच होती.

हाशम मुल्ला मास्तरांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. श्रेणिक सात वर्षांचा असताना पटावरचं पहिलं प्यादं त्यांनीच त्याच्या हातात दिलं. आता तो एकोणतीस वर्षांचा होता आणि ग्रँडमास्टर होता. मी मास्तरांचा शेजारी. रोज सकाळी आमचा एक डाव ठरलेला असतो. त्या मंगळवारी तो राहिला.

“किती डाव झाले यंदा?” मास्तरांनी विचारलं.

“पंचेचाळीस.”

जानेवारीपासून तो देशोदेशी खेळत होता. जगातले निवडक दहा खेळाडू, वर्षभरात सहा स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेत नऊ डाव. बुखारेस्ट, ओस्लो, झाग्रेब धरून पाच स्पर्धा झाल्या होत्या. सहावी लंडनला होती, बारा दिवसांवर. सगळ्या गुणांची बेरीज करून जो पहिला येईल त्यालाच आव्हानवीरांच्या स्पर्धेत जागा मिळणार होती. जगज्जेत्यासमोर बसायचा रस्ता तिथून जातो. दुसऱ्या नंबराला काही नव्हतं.

“हरलास किती?”

“एकही नाही.” हे सांगताना त्याची पाठ ताठ झाली. “सगळ्या हंगामात न हरलेला मी एकटा आहे, मास्तर. स्टेशनसमोर फलकसुद्धा लावलाय. अपराजित श्रेणिक म्हणून.”

“पाहिला. फोटो चांगला आलाय.”

“चार जिंकलो. एकेचाळीस बरोबरीत.”

“आणि नंबर?”

“...चौथा.”

मास्तरांनी एक शेंग फोडली. आत एकच दाणा निघाला.

“पहिला कोण आहे?”

“एक हंगेरियन. माझ्यापेक्षा एकाच गुणानं पुढं आहे.”

“तो किती हरला?”

“सात.”

“सात.”

“बेभान खेळतो तो. कुठंही हत्ती देऊन मोकळा होतो. ओस्लोला तर एकविसाव्या खेळीतच आटोपला. सगळे हसत होते.”

“आणि पहिला आहे.”

“...आहे.”

मास्तरांनी टॉवेल उचलून बाजूला ठेवला. हात झटकले.

“कागद आणलेस?”

आणले होते. मोठ्या स्पर्धांत खेळता खेळता प्रत्येकानं डावाची प्रत्येक खेळी स्वतःच्या हातानं लिहायची असते. शेवटी दोघांनी सह्या करायच्या. श्रेणिकचे पंचेचाळीस कागद एका निळ्या फाइलीत तारखेनं लावलेले होते. त्याचं अक्षर शाळेत होतं तसंच होतं, बारीक आणि सुबक.

मास्तरांनी चष्मा लावला. ते खेळ्या वाचत नव्हते. प्रत्येक कागदाचा फक्त शेवट बघत होते.

“लिहून घ्या हो,” ते मला म्हणाले. “एकतीस. एकतीस. बत्तीस. एकतीस. हा मोठा आहे, अठ्ठावन्न. एकतीस...”

मी लिहून घेतलं. बरोबरीच्या एकेचाळीस डावांपैकी सव्वीस एकतिसाव्या खेळीला थांबले होते. आठ बत्तिसाव्या खेळीला. उरलेले सात लांबले होते.

“एकतिसाव्या खेळीला काय, शाळेची घंटा होते का रे?”

“तो नियम आहे, मास्तर. तीस खेळ्या होईपर्यंत बरोबरी मागता येत नाही. बघणाऱ्यांना थोडा तरी डाव बघायला मिळावा म्हणून.”

“म्हणजे बंदी उठली की तू मागतोस.”

“डावात काही उरलेलं नसतं म्हणून मागतो.”

“सव्वीस डावांत? एकाच खेळीला?”

श्रेणिकनं एक शेंग घेतली आणि फोडायला लागला.

“हे सात लांबले ते कसे?”

“समोरच्यानं हात घेतला नाही. मग खेळावंच लागलं.”

मास्तरांनी जिंकलेले चार कागद फाइलीतून वेगळे काढले आणि पटाशेजारी ओळीत मांडले. मग प्रत्येकावर एका जागी बोट ठेवलं. तिथं कंसात बरोबरीची दोन आडव्या रेघांची खूण होती. कुणी बरोबरी मागितली की त्या खेळीपुढं ही खूण करावी लागते.

“या चारांतही खूण आहे की.”

“...हो.”

“इथंही तूच मागितली होतीस?”

“हो.”

“मग?”

“त्यांनी नाही म्हटलं.”

मास्तरांना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. श्रेणिकचे कान लाल झाले.

“मास्तर, राग मानू नका, पण आताचं बुद्धिबळ तुम्हाला माहीत नाही. वरच्या पातळीवर कुणी चुकत नाही. डाव झाला की मी तो संगणकावर तपासतो. मी थांबलो त्या प्रत्येक जागी तो शून्य दाखवतो. दोघंही सारखे. शून्य म्हणजे शून्य.”

“बरं. एक दाखव. कुठलाही.”

त्यानं झाग्रेबचा सातवा डाव निवडला. सोंगट्या भराभर मांडल्या, कागदाकडं न बघता. पांढऱ्याकडं, म्हणजे त्याच्याकडं, एक हत्ती, एक उंट आणि पाच प्यादी होती. काळ्याकडं एक हत्ती, एक घोडा आणि पाच प्यादी.

“इथं मी हात पुढं केला. त्यानं घेतला.”

“मग?”

“मग काही नाही. संपला डाव.”

मास्तर पटाकडं बघत राहिले.

“उभे आहेत की सगळे अजून,” ते म्हणाले.

“मास्तर...”

“कुणाची चाल?”

“काळ्याची.”

मास्तरांनी काळा घोडा उचलला आणि एका घरात ठेवला. “आता तुझी.”

साडेनऊ वाजले होते. पहिल्या काही खेळ्या श्रेणिकनं भिंतीकडं बघत केल्या. मास्तर सावकाश खेळत होते. प्रत्येक खेळीआधी हनुवटी खाजवायची त्यांची सवय आहे. सातव्या खेळीनंतर श्रेणिकनं भिंतीकडं बघणं सोडलं. नवव्या खेळीनंतर तो मांडी मोडून उकिडवा बसला.

अकराव्या खेळीला तो अडकला.

काय होतं ते मलाही दिसत होतं. कडेचं प्यादं पुढं सरकवलं तर ते सुटणार होतं, कदाचित वजीर होणार होतं. पण ते सरकवलं की काळा घोडा त्याच्या राजाशेजारी येऊन बसणार होता. प्यादं न सरकवता उंट मागं घेतला तर काहीच होणार नव्हतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

मग श्रेणिकचा उजवा हात पटावरून पुढं आला.

“बरोबरी?” तो म्हणाला.

...

इथं पंच नव्हते. गुण नव्हते. समोर बनियनवर बसलेला शहात्तर वर्षांचा माणूस होता.

मास्तर त्या हाताकडं बघत होते. मग श्रेणिकनंही आपल्या हाताकडं पाहिलं. तो मागं घ्यायला गेला, पण मास्तरांनी धरला. त्यांनी हात मिळवला नाही. मनगट उलटं केलं, त्यावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. पूर्ण एक मिनिट.

“एकशे बारा,” ते म्हणाले. “कुठं दुखतंय का?”

“नाही.”

“चक्कर?”

“नाही, मास्तर.”

“मग चाल कर.”

त्यांनी मनगट सोडलं. श्रेणिकनं तोच हात पटावर आणला. त्यानं कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

घोडा आला. राजाशेजारी येऊन बसला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त “शह” म्हणायचे, तेही पुटपुटून. एकदा मास्तरांनी हत्तीला हात लावला आणि “छे” म्हणून स्वतःवरच चिडले, पण हात लावला म्हणजे तोच खेळायचा हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. तो त्यांनी खेळला. एकदा श्रेणिक उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. प्यादं सातव्या रांगेत पोचलं, तिथं अडलं. हत्ती हत्तीनं मारला गेला. एकेक करून सगळं पटावरून उतरलं. शेवटी त्या प्याद्यासाठी मास्तरांनी घोडा देऊन टाकला.

पटावर दोन राजे राहिले आणि श्रेणिकचा एक उंट. एकट्या उंटानं मात होत नाही.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“ही झाली बरोबरी,” मास्तर म्हणाले आणि हात पुढं केला. श्रेणिकनं तो दोन्ही हातांनी धरला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“संगणक बरोबर सांगत होता,” मास्तर म्हणाले. “शून्यच निघालं.”

“हो.” श्रेणिक हसत होता. आल्यापासून पहिल्यांदाच. “पण मास्तर, घोडा आत आला तेव्हा मी मेलो होतो.”

“कधी?”

“तुम्ही हत्ती तळाच्या रांगेत आणला असता तर दोन खेळ्यांत मात होती.”

“अरेच्चा.”

“दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं असतं तर सोडलं असतं होय तुला?” मास्तर पटावर वाकले. “मांड बघू.”

त्यानं मांडलं. मात होती. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मला म्हणाले, “बघा हो. ग्रँडमास्टर घावला होता, घालवला.”

“आणि नंतर मी जिंकत होतो,” श्रेणिक म्हणाला. “दोनदा.”

“एकदा.”

“दोनदा, मास्तर. राजा एक घर आधी वळवला असता तर प्यादं थांबत नव्हतं. आणि हत्ती जायच्या आधी परत एकदा.”

“तेव्हा नाही. तेव्हा मला घोड्याचा शह होता. हा बघ.”

श्रेणिकनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हो की,” तो म्हणाला. “हे मला दिसलंच नव्हतं.”

मग त्यांनी सगळा डाव परत मांडला, एकतिसाव्या खेळीपासून. कुठं काय होतं आणि कुठं काय नव्हतं हे बघत बसले. थंड चहा दोघांनीही न कुरकुरता पिऊन टाकला. एकदा तर उंटावरून चांगलेच भांडले. मास्तर म्हणाले, तू शाळेत असल्यापासून हट्टी आहेस. श्रेणिक म्हणाला, तुम्ही चुकलात की मला हट्टी म्हणता.

एक वाजता त्याच्या आईचा फोन आला. जेवायला थांबलेत सगळे, कुठं आहेस.

त्यानं फाइल आवरली. झाग्रेबचा कागद हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिला. खाली दोन सह्या होत्या.

“त्या दिवशी साडेपाचला मी हॉटेलात परतलो होतो,” तो म्हणाला. “झोपून टीव्ही बघत होतो.”

मास्तर सोंगट्या पेटीत भरत होते.

“पण लंडनला असं खेळलो आणि हरलो, तर? मग तीही जागा नाही, आणि हेही गेलं. वर्षभर सांभाळलेलं.”

“हं,” मास्तर म्हणाले.

“लोक काय म्हणतील ते वेगळंच.”

“हं.”

“काहीतरी सांगा ना, मास्तर.”

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. परत उघडून आतला घोडा आडवा केला आणि लावलं.

...

श्रेणिक उठला. वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बॅग खांद्याला अडकवली, उंबऱ्याबाहेर जाऊन बूट घालू लागला. नाडी बांधता बांधता त्यानं मान वर केली.

“जातो मास्तर. लंडनहून काय आणू तुमच्यासाठी?”

मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी खरोखरच विचार केला.

“एक हरलेला डाव आण,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत लिहिलेला.”