एका पायाला दोन सल्ले

फार पूर्वी, प्राणी दवाखाना चालवायचे तेव्हा, टिंबू सशाचा पाय मुरगळला. आता शेजारी कोल्हा असताना लंगडून कसं भागणार?

टेकडीवरच्या दवाखान्यातले सुतारपक्षी डॉक्टर म्हणाले, "पाय हलवायचा नाही." घरोघरी फिरून उपचार करणारी खारूताई म्हणाली, "रोज दहा उड्या मार." टिंबू बिचारा दोघांचंही ऐकायचा. सकाळी निपचित, संध्याकाळी उड्या. पाय सुजून भोपळा झाला.

शेवटी त्याने दोघांना एकदमच बिळात बोलावलं.

"उड्या? मला कुणी सांगितलं नाही," डॉक्टर फणकारले.

"अहो, टेकडीवरून कधी खाली उतरलात?" खारूताई उसळली.

"भांडा निवांत," टिंबूच्या तब्येतीची चौकशी करायला आलेला कोल्हा बाहेरून म्हणाला, "मला घाई नाही."

दोघांनी भांडण तिथेच सोडलं. डॉक्टरांनी पाय धरला, खारूताईने पट्टी बांधली. "आठवडाभर आराम, मग उड्या," असं एकमताने ठरलं.

तेव्हापासून दोघं जोडीनेच पेशंट तपासू लागले. कोल्ह्याने मग कुणाच्या तब्येतीची चौकशी केली नाही.