धोंडेमाळच्या ठकूबाईनं शिजवलेली पहार

फार वर्षं झाली त्याला. धोंडेमाळात आज ज्या चिंचेखाली एसटी थांबते, ती चिंच तेव्हा चिंचोक्यातही नव्हती. गावात घरं चाळीस, देव एक आणि पाणी एक कोसावर. बाया डोईवर हंडे घेऊन ओढ्याला जायच्या आणि येईपर्यंत निम्मं पाणी ऊनच पिऊन टाकायचं.

मग गावानं ठरवलं, विहीर पाडायची. वेशीबाहेर जागा धरली आणि भिवबा म्हणून एक दांडगा गडी होता, त्याला पुढारी केला. आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल खणलं आणि काळा खडक लागला. असा खडक की पहार मारली तर पहारच मान खाली घालायची, नव्या सुनेसारखी. राजबा लोहार सकाळी टोकं काढून द्यायचा आणि दुपारी वाकलेल्या पहारी परत यायच्या.

एक दिवस पाचवी पहार वाकली, तेव्हा वर काठावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "भिवबा, घरनं ठकूवैनीची भाकरी आण. तिनंच फुटंल ह्यो खडक."

सगळे हसले. आता ठकूबाई म्हणजे भिवबाची बायको, आणि तिच्या भाकरीबद्दल त्या माणसानं काही खोटं सांगितलं नव्हतं. बाई आळशी नव्हती, वाईट नव्हती. पण तिचं लक्ष भलतीकडं असायचं. झाकण का उडतं, दूध उतू जाताना आधी कुठल्या कडेनं वर येतं, हे बघत ती चुलीपुढं बसायची, आणि तोवर तव्यावरच्या भाकरीचा कोळसा व्हायचा.

पण बायकोला हसलेलं भिवबाला सोसलं नाही. त्यानं खाली उभ्या उभ्या खंडोबाचा भंडारा कपाळाला लावला आणि शपथ घेतली, की पाणी लागेपर्यंत मी ह्या विहिरीतून वर येणार नाही.

नाही आला. एक दिवस झाला, आठ दिवस झाले. गावातल्या बायांनी याचा निराळाच अर्थ काढला. ठकूची जाऊ साळू पाणवठ्यावर म्हणाली, "शपथ कसली गं? भावजी सुटलं एकदाचं. दोरीनं माझ्या हातची भाकरी खाली जातीय, गपगुमान खात्यात."

हे ठकूच्या काळजाला लागलं. ती विहिरीवर गेली.

"अवो, वर या की."

"शप्पथ हाय."

"कवापतूर?"

"पाणी लागंस्तवर."

"आन जेवनाचं?"

"साळूवैनी धाडत्यात की," भिवबा खालून म्हणाला. "काय हयगय न्हाई."

माणूस भोळा, त्याला वाटलं बायकोची काळजी मिटेल. ठकू मात्र घरी आली आणि तिनं कोंबडी कापली.

आता आपल्याकडं रीत आहे. कोंबडी-मटण वेशीबाहेर न्यायचं तर त्यात लोखंडाचा एक खिळा आणि कोळशाचा एक खडा टाकायचा, म्हणजे वाटेतलं भलतंसलतं मागं लागत नाही. ठकूनं विचार केला, बाकीच्यांचे नवरे जमिनीवर असतात, माझा जमिनीच्या पोटात आहे. एका खिळ्यानं काय व्हायचंय? तिनं मूठभर खिळे टाकले आणि ओंजळभर कोळसा टाकला. साळूनं वाटेत उघडून बघू नये म्हणून मडक्याचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलं.

वाटेत येसू कुंभाराची भट्टी रचून तयार होती. ठकू थांबली. ह्यातला धूर सरळ वर जाईल की तिरपा, एवढंच तिला बघायचं होतं. हातातलं मडकं तिनं मडक्यांवर टेकवलं आणि ती भट्टीला फेरी मारायला लागली. येसूनं आपलंच मडकं समजून वर गवत घातलं, माती थापली आणि जाळ लावला. ठकू धूर बघून खूश झाली आणि रिकाम्या हातानं विहिरीवर पोचली.

"कालवन भट्टीत ऱ्हायलं," ती वरून म्हणाली. खालून एक मोठा श्वास ऐकू आला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, यावर गावात अजून दोन तट आहेत.

त्या साली वारं पडायचं नाव घेईना. भट्टी तीन दिवस धगधगली, असं म्हणतात. उघडली तेव्हा कोंबडीची राख झाली होती, कोळसा विरून गेला होता आणि मडक्याच्या बुडाशी खिळ्यांचा मिळून एक गोळा झाला होता. ठकूनं रागानं तो दगडावर आपटला. दगडाचे दोन तुकडे झाले.

ती गोळा घेऊन थेट राजबाकडं गेली. राजबा तसा मोठा कसबी, पण हसला. "वैनी, लोखंड म्हंजी कालवन न्हवं."

"तुमचं लोखंड कच्चं ऱ्हातंय भावजी," ठकू म्हणाली. "त्याला करपाय लागतं. ते मला येतंय."

राजबानं गोळ्यावर घण घातला आणि घणाला खाच पडली. मग तो हसायचा थांबला.

तिथून गावाचे हाल सुरू झाले. ठकूला कळायला हवं होतं की करामत कशाची. आधी कोंबडी घातली आणि मसाला नाही घातला. मग मसाला घातला आणि कोंबडी नाही घातली. एकदा नुसतं मीठ. एकदा साळूची भाकरी चोरून घातली, त्यानं काहीच झालं नाही, आणि ते तिनं गावभर सांगितलं. शेवटी कळलं, की लोखंड, कोळसा आणि वर मूठभर तरवडाचा पाला, एवढंच लागतं. पण तोंड असं लिंपायचं की मुंगीच्या श्वासाएवढंही वारं आत जायला नको.

खिळे मात्र लागत गेले. गावातल्या दारांचे खिळे निघाले आणि दारं भिंतीला टेकवून ठेवायची वेळ आली. कुत्री कुणाच्याही घरात शिरायला लागली. पाटलांच्या बाजेचे खिळे कधी गेले ते पाटलांनाही कळलं नाही, कळलं ते आडवं झाल्यावर. ठकू भट्टीवर, बाकीच्या बाया तिच्यासाठी पाला तोडायला आणि कोळसा कुटायला, म्हणून चुली बाप्यांच्या गळ्यात पडल्या. त्या महिन्यात धोंडेमाळातले सगळे पुरुष निम्मे झाले, असं म्हणतात.

एवढं करून राजबानं त्या गोळ्यांचं पहारीला टोक केलं, रिवाजाप्रमाणे लालभडक असताना गार पाण्यात बुडवलं, आणि पहिल्याच घावाला टोकाचा काचेसारखा चुरा झाला.

पाटील आधीच पाठ शेकत बसले होते. पंच जमले. ठरलं, की अक्षय्य तृतीयेपर्यंत पाणी लागलं नाही तर विहीर बुजवायची आणि गाव ओढ्याकाठी न्यायचं. हे भिवबाला वरून ओरडून सांगितलं.

"बुजवा," भिवबा खालून म्हणाला. "माज्यावरनंच बुजवा. म्या शप्पथ मोडनार न्हाई."

माणूस थट्टा करत नव्हता. तीज चार दिवसांवर होती.

ठकू घरी आली. रडली नाही, चुलीपुढं बसली. साळू आली, तिच्या शेजारी बसली आणि हात कामाला लागावे म्हणून तिनं दुधाला विरजण लावलं. लावून मडकं चुलीजवळच्या कोमट राखेत खुपसलं.

ठकू त्या मडक्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "साळूबाई, दही कुनी गार पान्यात लावतं का गं?"

"खुळी का काय तू?"

ठकू उठून पळत राजबाच्या ऐरणीपाशी गेली. "भावजी, लोखंडाला पान्यात घालू नगा. राखंत निजवा. सावकास निवू द्या."

राजबाच्या सात पिढ्यांत कुणी लोखंड राखेत निजवलं नव्हतं. पण त्याच्याही दाराला खिळे उरले नव्हते. त्यानं उरलेल्या गोळ्यांचं टोक घडवलं, राखेच्या ढिगात ठेवलं आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

तिजेच्या दिवशी सकाळी पंच फावडी घेऊन आले. ठकूनं पहार दोरीला बांधली आणि खाली सोडली. भिवबानं घाव घातला. खडक घंटेसारखा वाजला आणि पहिल्यांदा पहारीऐवजी खडकाची मान खाली गेली. दुसरा घाव, तिसरा घाव. सातव्याला खालून असा आवाज आला, जणू धरणीनं ढेकर दिली, आणि पाणी उसळलं.

भिवबा चढून वर आला नाही. पाण्यानंच त्याला घातलेल्या मांडीसकट वर उचलून आणला आणि काठावर ठेवला, असं म्हणतात. दाढी पोटापर्यंत, हातात पहार, कपाळाला भंडारा. पंचांनी फावडी पाठीमागं लपवली.

"पहार कुनाची?" त्यानं विचारलं.

"म्या शिजवली," ठकू म्हणाली.

भिवबानं टोकावरून बोट फिरवलं. "करपली न्हाई व्हय?"

"चांगली करपवली."

मग तो घरी गेला. ठकूनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि वाफ कुठून निघते ते बघत बसली. भिवबानं ती काळी भाकरी खाल्ली आणि दुसरी मागितली. दार नव्हतं, त्यामुळं सगळ्या गावानं बघितलं.

त्या विहिरीला आजही ठकूबाईची विहीर म्हणतात आणि करपलेल्या भाकरीला 'ठकूबाईच्या हातची'. दरसाल अक्षय्य तृतीयेला धोंडेमाळातली एकही बाई चुलीपुढं जात नाही. विहिरीच्या काठावर चिखलानं लिंपलेलं मडकं पुजतात, त्यात पाणी नसतं, खिळे असतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पहारीनं दगडावर एक घाव घालते. तोवर घराघरांत बाप्ये भाकऱ्या थापतात, आणि त्या बायांना खाव्याच लागतात. जी तोंड वाकडं करील तिनं पाणी आटेपर्यंत विहिरीत जाऊन बसायचं, असा दंडक आहे. आजवर एकीलाही बसावं लागलेलं नाही. भाकऱ्या मात्र दरसाल तशाच होतात.